वणव्याच्या धुराचे दूरवहन

वणव्याच्या धुराचे दूरवहन म्हणजे जंगल, गवताळ डोंगर किंवा शेतातील पालापाचोळा जळताना निघालेला धूर वाऱ्याबरोबर मूळ ठिकाणापासून शेकडो ते हजारो किलोमीटर दूर वाहून नेला जाण्याची वातावरणीय प्रक्रिया होय. धूर किती दूर जाईल हे आगीच्या विस्ताराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो किती उंचीवर पोहोचतो यावर अवलंबून असते. जमिनीलगत अडकलेला धूर त्याच खोऱ्यात राहतो, काही किलोमीटर उंचीवर गेलेला धूर आठवडाभर प्रवास करू शकतो, तर स्थितांबरात शिरलेला धूर अनेक महिने टिकून पृथ्वीप्रदक्षिणाही करतो.

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांच्या परिसरात या प्रक्रियेतील बहुतेक सर्व घटक एकत्र आढळतात. डोंगरउतारांवरील उन्हाळी वणवे, भातशेतीसाठी केली जाणारी राबाची भाजावळ, समुद्रावरून येणारे खारे वारे आणि पूर्वेकडील सह्याद्रीची रांग हे ते घटक होत. येथील धूर कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील महावणव्यांच्या धुराप्रमाणे स्थितांबरापर्यंत जात नाही. मात्र दुपारी डोळ्यांआड झालेला धूर नाहीसा झालेला नसतो. तो केवळ विरळ होऊन दुसऱ्या थरात गेलेला असतो.

धुराचे घटक

लाकूड, गवत व पाने जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. ज्वलन अपूर्ण राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, अनेक सेंद्रिय वायू आणि सूक्ष्मकण तयार होतात. हे कण मुख्यतः सेंद्रिय कार्बन व काजळी यांचे असतात. काजळीतील प्रकाश शोषणाऱ्या भागास काळा कार्बन म्हणतात.

आगीच्या स्वरूपानुसार धूर बदलतो. ज्वाळांनी भडकलेल्या आगीत उष्णता अधिक असते आणि धुरात काजळीचे प्रमाण जास्त असते. असा धूर काळपट दिसतो. धुमसणाऱ्या आगीत उष्णता कमी, पण सेंद्रिय कण व कार्बन मोनॉक्साइड अधिक असतात. असा धूर पांढुरका किंवा तपकिरी दिसतो व खालीच रेंगाळतो.

राखेचे आणि जळक्या पानांचे मोठे तुकडे काही किलोमीटरांच्या आतच खाली पडतात. दूरचा प्रवास करतात ते अतिसूक्ष्म कण. धुरातील बहुसंख्य कणांचा व्यास एक मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, कमी असतो. स्थिर हवेत एक मायक्रोमीटर व्यासाचा कण स्वतःच्या वजनाने दिवसाला केवळ तीन-चार मीटर खाली उतरतो. याउलट हवेतील ऊर्ध्व प्रवाह सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे असू शकतात. त्यामुळे असे कण गुरुत्वाकर्षणाने क्वचितच खाली येतात. बहुतांशी ते पावसाने धुतले जातात. कोरड्या ऋतूत, पाऊस नसताना, धूर अधिक काळ हवेत का राहतो याचे हे मुख्य कारण आहे.

धूर वर जाण्याची प्रक्रिया

आगीमुळे तापलेली हवा सभोवतालच्या हवेपेक्षा हलकी होऊन वर चढते. वर जाताना ती प्रसरण पावते, थंड होते आणि बाजूची थंड हवा आपल्यात मिसळून घेते. तिचे तापमान सभोवतालच्या हवेइतके झाले की तिचे चढणे थांबते आणि धूर आडवा पसरू लागतो. ही उंची आगीची उष्णता आणि वातावरणाची त्या वेळची स्थिती या दोन गोष्टींवर ठरते. धूर पोहोचू शकेल अशा थरांची विभागणी साधारणपणे तीन भागांत करता येते.

सीमास्तर हा जमिनीलगतचा थर होय. दिवसा जमीन तापल्याने त्यातील हवा सतत ढवळली जाते. त्याची उंची उन्हाळ्याच्या दुपारी दख्खनच्या पठारावर दोन ते तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, तर किनारपट्टीवर समुद्रावरील थंड हवेमुळे ती बरीच कमी राहते. रात्री जमीन लवकर थंड होते; तिच्यालगतची हवा थंड आणि तिच्या वरची हवा तुलनेने उबदार अशी उलट स्थिती निर्माण होते. तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. उबदार हवेचा हा थर झाकणासारखे काम करतो आणि रात्री निघालेला धूर त्याखालीच साठतो.

मुक्त तपांबर हा सीमास्तराच्या वरचा भाग होय. येथे जमिनीचे घर्षण नसल्याने वारे वेगवान व सलग असतात. या थरात पोहोचलेले सूक्ष्मकण साधारण एक आठवडा टिकतात. कार्बन मोनॉक्साइड त्याहून अधिक, म्हणजे एक ते दोन महिने टिकत असल्याने दूर गेलेल्या धुराचा माग काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

स्थितांबर उष्ण कटिबंधात साधारण १६ ते १८ किमी उंचीवर आणि ध्रुवांकडे ८ ते १० किमी उंचीवर सुरू होते. तेथे ढग व पाऊस जवळजवळ नसल्याने कण धुतले जात नाहीत आणि महिनोन्‌महिने राहतात. अत्यंत तीव्र वणव्यांवर कधीकधी आगीच्याच उष्णतेने गडगडाटी वादळाचे ढग तयार होतात. त्यांना अग्निजन्य गर्जन्मेघ म्हणतात. हे ढग चिमणीप्रमाणे धूर थेट स्थितांबरात नेऊन सोडतात. तेथे धुरातील काळा कार्बन सूर्यप्रकाश शोषून आजूबाजूची हवा तापवतो आणि धुराचा लोट स्वतःच आणखी वर सरकतो.

उंची आणि अंतर यांचा संबंध

वाऱ्याचा वेग सर्वसाधारणपणे उंचीबरोबर वाढतो. जमिनीलगत धूर सेकंदाला दोन मीटर वेगाच्या वाऱ्यात सापडला तर तो दिवसभरात सुमारे १७० किमी जाईल. प्रत्यक्षात डोंगर, झाडी आणि दिशा बदलणारे स्थानिक वारे यांमुळे तो त्याहून कमीच जातो. तीन किलोमीटर उंचीवर सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा त्याच धुराला दिवसाला सुमारे ८६० किमी नेतो. तपांबराच्या वरच्या टोकाशी वाहणाऱ्या जेट वाऱ्यांत सेकंदाला ५० मीटर वेग गृहीत धरल्यास हे अंतर दिवसाला ४,००० किमीपेक्षा अधिक होते. म्हणजे वेग आणि टिकण्याचा काळ हे दोन्ही उंचीबरोबर वाढत असल्याने धूर जितका वर जाईल तितका त्याचा पल्ला अनेक पटींनी वाढतो.

जसजसे अंतर वाढते तसतसा धूर विरळ होतो आणि त्याचे रसायनही बदलते. सूर्यप्रकाशात त्यातील वायूंपासून ओझोन व नवे सेंद्रिय कण तयार होतात. त्यामुळे दूरच्या गावी पोहोचलेल्या धुराला जळक्या लाकडाचा वास नसला, तरी त्यातील सूक्ष्मकण निरुपद्रवी झालेले नसतात.

पेण आणि रोहा परिसर

भूरचना

पेण व रोहा हे तालुके अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधील अरुंद पट्ट्यात आहेत. पेणच्या पश्चिमेस धरमतर खाडी आहे. रोहा शहर कुंडलिका नदीकाठी वसले असून ही नदी रेवदंडा–कोर्लईजवळ समुद्रास मिळते. दोन्ही तालुक्यांत सखल भातजमीन आणि तिच्यामधून उठणाऱ्या डोंगररांगा अशी रचना आहे. रोह्याजवळचा अवचितगड अशाच एका वनाच्छादित डोंगरावर आहे. फणसाड वन्यजीव अभयारण्याचा विस्तार मुरूड आणि रोहा तालुक्यांत आहे. पूर्वेकडे सह्याद्रीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १,००० मीटर उंचीवर असून त्यापलीकडे पुणे जिल्ह्याचे पठार सुरू होते.

वणवे

येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर डोंगरावरील गवत वाळू लागते. साग, ऐन, किंजळ यांसारख्या पानझडी वृक्षांची पाने गळून फेब्रुवारी–मार्चपर्यंत जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा थर साचतो. फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ असतो. वणवे बहुतेक मानवनिर्मित असतात. गवताला नवी फूट यावी म्हणून लावलेली आग, शिकारीसाठी लावलेली आग, पेटती विडी किंवा बांधावरून डोंगरात शिरलेली आग ही त्यांची नेहमीची कारणे होत.

कोकणातील वणवे प्रामुख्याने भूपृष्ठीय असतात. त्यांत गवत, पाचोळा व झुडपे जळतात. उंच वृक्षांचे शेंडे सहसा पेटत नाहीत. जळणाऱ्या पदार्थाचे प्रमाण उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांच्या मानाने थोडे असल्याने निघणारी उष्णताही मर्यादित असते. त्यामुळे अग्निजन्य गर्जन्मेघ तयार होण्याइतका जोर या आगींत नसतो आणि त्यांचा धूर प्रथम सीमास्तरातच राहतो.

राबाची भाजावळ

भाताची रोपे तयार करण्याच्या जागेवर झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. हिवाळ्यात कवळ तोडून वाळवतात आणि पावसापूर्वी, उन्हाळ्यात, भाजावळ करतात. जळण्याने तणांचे बी नष्ट होते आणि राखेतून रोपांना पोषक द्रव्ये मिळतात. थरावर माती किंवा बारीक पाचोळा टाकल्यास आग धुमसत राहते. तिचा धूर दाट, पांढुरका आणि जमिनीलगत राहणारा असतो.

राब हा येथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने जुना हक्काचा विषय आहे. ब्रिटिश काळात राखीव जंगलांवर निर्बंध आल्यावर कवळ तोडण्यावरून ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत असंतोष निर्माण झाला. त्या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न हा त्याच्यापुढील प्रमुख विषयांपैकी एक होता. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. राबाची आग आणि वणवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शेतकऱ्याच्या नजरेखाली ठरावीक वाफ्यात जळते, तर दुसरी अनियंत्रित असते. वाऱ्यामुळे पहिलीतून दुसरी उद्भवू शकते. धुराच्या दृष्टीने मात्र दोन्हींचे कण हवेत एकच होतात.

दैनंदिन चक्र

सकाळी उशिरापर्यंत जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. हे वारे धूर पूर्वेकडे ढकलतात. सह्याद्रीच्या तापलेल्या उतारांवर हवा वर चढत असल्याने धुराचा काही भाग घाटमाथ्यापर्यंत आणि त्याहून वर उचलला जातो. पठारावरील सीमास्तर दुपारी किनारपट्टीपेक्षा उंच असतो. त्यात मिसळलेला धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरू शकतो. अशा रीतीने आग दुर्बल असली तरी डोंगर व ऊन मिळून धुराला ती उंची देतात, जी आगीला स्वतःच्या बळावर देता आली नसती.

सूर्यास्तानंतर पठारावरील ढवळाढवळ थांबते. दुपारी वर गेलेला धूर वरच्या थरात तसाच राहतो आणि त्याचा जमिनीशी संबंध तुटतो. खाली मात्र डोंगरउतारांवरून थंड हवा खोऱ्यांत उतरते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. रात्री धुमसणाऱ्या आगीचा धूर विपरीततेच्या थराखाली साठून पायथ्याच्या वस्त्यांवर आणि नदीखोऱ्यांत पसरतो. सकाळी ऊन चढल्यावर तो पुन्हा वर मिसळतो. एकाच वणव्याचा धूर अशा प्रकारे दोन वाटा धरतो. दिवसाचा धूर दूर जातो आणि रात्रीचा धूर घराजवळ राहतो.

ऋतूनुसार दिशा

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वरच्या थरातील वारे प्रामुख्याने ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहतात. घाटमाथ्यावर उचलला गेलेला धूर अरबी समुद्रावर जातो. मार्चनंतर किनाऱ्यालगत वायव्येकडील वाऱ्यांचा जोर वाढतो आणि धूर दक्षिण व आग्नेय दिशांना, दख्खनच्या पठाराकडे, वळू लागतो. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होताच आगी विझतात आणि हवेतील कण धुतले जातात.

अरबी समुद्रावरील आणि सिंहगडावरील निरीक्षणे

पश्चिम भारतातून समुद्राकडे जाणाऱ्या धुरकटपणाचा सर्वांत मोठा अभ्यास ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगात झाला. त्याची मुख्य निरीक्षणमोहीम जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये पार पडली. वीरभद्रन रामनाथन, नोबेल पारितोषिकविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन आणि भारताचे अ. प. मित्र यांचा या प्रयोगात प्रमुख सहभाग होता. ‘सागरकन्या’ या भारतीय संशोधन जहाजासह अन्य जहाजे, विमाने आणि मालदीवमधील काशिधू येथील वेधशाळा यांच्या साहाय्याने मोजमापे घेण्यात आली. उत्तर हिंद महासागराच्या मोठ्या भागावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत तपकिरी धुरकट थर पसरलेला आढळला. विशेष म्हणजे समुद्रपृष्ठालगतच्या स्वच्छ थराच्याही वर, एक ते तीन किलोमीटरांदरम्यान, जमिनीवरून आलेल्या कणांचे वेगळे थर सापडले. दिवसा जमिनीवर वर उचलली गेलेली हवा रात्री समुद्रावर सरकते, या वर सांगितलेल्या चक्राशी हे निरीक्षण जुळते.

हा धूर कशाचा, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाचा उपयोग करण्यात आला. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्याने त्यांत कार्बन-१४ उरलेला नसतो. ताज्या लाकूड, गवत व शेणात तो असतो. मालदीवमधील हनिमाधू आणि पुण्याजवळील सिंहगड येथे जमा केलेल्या हिवाळी कणांचे विश्लेषण स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानुसार कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग वनस्पतिज पदार्थांच्या ज्वलनातून आलेला होता. काजळीच्या बाबतीत हे प्रमाण, मोजण्याच्या पद्धतीनुसार, निम्मे ते दोन-तृतीयांश होते.

सिंहगड रोह्यापासून पूर्वेस सरळ रेषेत सुमारे ६५ ते ७० किमी अंतरावर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे आहे. मात्र या निष्कर्षातील ‘वनस्पतिज ज्वलन’ या संज्ञेत वणवे, राब, शेतातील काडीकचरा आणि घरोघरच्या चुली या सर्वांचा समावेश होतो. कार्बन-१४ च्या साहाय्याने त्यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही. त्यामुळे तो संपूर्ण धूर वणव्यांच्या खाती मांडणे चुकीचे ठरेल.

अन्य उदाहरणे

सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम कॅनडातील चिंचागा वणव्याचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून युरोपात पोहोचला. त्या महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सूर्य व चंद्र निळे दिसले. धुरातील कण जवळपास सारख्याच, सुमारे एक मायक्रोमीटर, आकाराचे असल्याने त्यांनी तांबडा प्रकाश अधिक विखुरला होता.

२०१९–२० च्या दक्षिणी उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा धूर अग्निजन्य गर्जन्मेघांद्वारे स्थितांबरात गेला. तो प्रशांत महासागर ओलांडून चिली व अर्जेंटिना येथे पोहोचला. धुराचा एक सुमारे १,००० किमी रुंदीचा भोवरा सूर्याच्या उष्णतेने चढत सुमारे ३५ किमी उंचीपर्यंत गेला. २०२३ मध्ये कॅनडात १.५ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले; जूनमध्ये न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले आणि विरळ धूर युरोपपर्यंत पोहोचला.

भारतात ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणातील भाताचे काड जाळल्याचा धूर दिल्लीसह गंगेच्या मैदानात पसरतो. कोकणपट्टीही दूरवरून येणाऱ्या कणांपासून मुक्त नाही. जानेवारी २०२२ मध्ये वायव्येकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबई व परिसर धुरकट झाला होता. ती धूळ होती, धूर नव्हे. तथापि सूक्ष्मकणांच्या वहनाचे तत्त्व दोन्हींना सारखेच लागू पडते.

परिणाम

धुरातील २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण (पीएम २.५) फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांमुळे दमा व श्वसनविकार बळावतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतातील मानकानुसार त्यांची २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ मायक्रोग्रॅम असावी अशी शिफारस केली. सर्वाधिक मात्रा आगीजवळच्या, विशेषतः डोंगरपायथ्याच्या वाड्यांना आणि आग विझविणाऱ्यांना सोसावी लागते. दूर गेलेल्या धुराची मात्रा कमी असते, पण त्याच्या कक्षेत येणारी लोकसंख्या मोठी असते.

हवामानावर होणारा परिणाम दुहेरी आहे. कण सूर्यप्रकाश अडवून जमीन व समुद्रपृष्ठ थंड ठेवतात, तर काळा कार्बन प्रकाश शोषून वरचा थर तापवतो. धुराचे कण ढगांतील थेंबांसाठी केंद्रके म्हणूनही काम करतात. कणांची संख्या वाढल्यास थेंब अधिक पण लहान बनतात आणि त्यांचे पावसात रूपांतर होण्यास अडथळा येऊ शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वर येथील ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ पासून पश्चिम घाटावरील ढग व कण यांचे मापन करते.

निरीक्षण

आगीची जागा उपग्रहांवरील अवरक्त संवेदकांमुळे समजते. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना राज्यांच्या वनविभागांना पाठवते. प्रारंभी वापरलेल्या ‘मोडिस’ संवेदकाचे विभेदन एक किलोमीटर होते, तर नंतरच्या ‘व्हीआयआयआरएस’ संवेदकाचे ३७५ मीटर आहे. त्यामुळे लहान आगीही टिपता येऊ लागल्या. तरीही दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पेटून विझलेला गवताचा वणवा किंवा एखाद्या वाफ्यातील राब उपग्रहाच्या नजरेतून सुटतो.

धुराची उंची मोजण्यासाठी लेसर किरणांवर आधारित लिडार हे उपकरण वापरतात. २००६ मध्ये सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने २०२३ पर्यंत अशी मोजमापे केली. वाऱ्यांच्या नोंदींवरून हवेचा उलटा मार्ग संगणकाने काढून धुराचे उगमस्थान ठरविता येते. पेण–रोहा परिसरात महामार्गावरील वाहने आणि धाटाव येथील औद्योगिक वसाहत हेही धुराचे स्रोत असल्याने केवळ धुरकट आकाशावरून वणव्याचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी लेव्होग्लुकोसॅन या संयुगाचा उपयोग होतो. ते सेल्युलोज जळल्यानेच तयार होते आणि डिझेल किंवा रसायनांच्या धुरात आढळत नाही.

प्रतिबंध

एकदा वरच्या थरात गेलेला धूर परत आणण्याचा उपाय नाही. नियंत्रण आगीच्या जागीच शक्य असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत व पाचोळा आधीच काढून किंवा नियंत्रितपणे जाळून टाकतो, जेणेकरून आग पुढे सरकू नये. पेटलेला भूपृष्ठीय वणवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून किंवा हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने पाचोळा दूर सारून विझवितात. धुमसणारे ओंडके पूर्णपणे विझविणे धुराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे असते, कारण रात्री खोऱ्यात साठणारा धूर प्रामुख्याने त्यांचाच असतो.

राबाला पर्याय म्हणून गादीवाफ्यावर रोपे तयार करण्याची पद्धत उपलब्ध आहे. रायगड जिल्ह्यातीलच कर्जत तालुक्यात विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर थेट बी टोकले जाते; रोपवाटिका व लावणी यांची गरज नसल्याने राब भाजावा लागत नाही. राब चालू ठेवावयाचा झाल्यास बांधाभोवतीचा पाचोळा आधी काढणे, वारा सुटण्यापूर्वी भाजावळ उरकणे आणि निखारे विझल्याची खात्री करणे या दक्षतेने ती आग डोंगरात शिरण्याचे टळते.

हेही पाहा

वणवा
राब
खारे वारे आणि मतलई वारे
सह्याद्री
फणसाड वन्यजीव अभयारण्य